ऐकणाऱ्याची आकांक्षा

रविवारच्या मिस्सेत दुसरे वाचन संपते. वाचक क्षणभर थांबतो, भाविक ठरलेला प्रतिसाद देतात आणि शुभवर्तमानासाठी सारे उभे राहतात. मिस्सा आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरताना कोणी आजी सुनेला विचारतात, ‘‘काय गं, आज पौल काय सांगत होता?’’ सून जरा घुटमळते आणि म्हणते, ‘‘आई, घरी गेल्यावर पुस्तकात बघून सांगते.’’

आमच्या बहुतेक वाचकांनी हा संवाद या ना त्या रूपात ऐकला असेल. आपण तो हसून सोडून देतो. कोणी ध्वनिक्षेपकाला दोष देतो, कोणी वाचकाच्या घाईला, कोणी आजींच्या वयाला. या कारणांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु सून तरुण आहे, शिकलेली आहे, तिचे कान शाबूत आहेत, आणि तरीही तिला पुस्तक उघडावे लागते. मग दोष आणखी कोठे तरी असला पाहिजे. तो वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते. ते वाक्य डोळ्यांसाठी घडले आणि कानांपुढे ठेवले गेले.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची समीक्षा आजवर बहुधा छापील पान समोर ठेवून झाली आहे. परंतु या वाङ्मयाचा फार मोठा भाग वाचला जात नाही, तो ऐकला जातो. पवित्र ग्रंथातील वाचने, विश्वासूंच्या प्रार्थना, नोव्हेना, क्रूसाची वाट, प्रवचने, अंत्यविधीची निवेदने ही सारी श्रवणाची रूपे होत. त्यांचा गुणदोषविचार कानाच्या न्यायाने व्हावा, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी, ऐकताना मन काय करते हे प्रथम थोडे तपासले पाहिजे.

कान थांबत नाही

छापील पानावर दोन शब्दांमध्ये कोरी जागा असते. बोलण्यात ती नसते. आवाजाचा प्रवाह अखंड असतो. सेकंदाला साधारण चार ते सहा अक्षरे त्यातून वाहून जातात. उलट कधी कधी शब्दाच्या पोटातच निःशब्दता असते. ‘पत्ता’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा. मधल्या जोडाक्षरापाशी आवाज क्षणभर पूर्ण थांबतो. म्हणजे शब्द कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे कानावर आयते येत नाही. मनाला ते शोधावे लागते. हे शोधण्याचे कसब आपण बोलू लागण्यापूर्वीच मिळवतो. १९९६ मध्ये सॅफरन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट या अमेरिकन संशोधकांनी आठ महिन्यांच्या बालकांना कृत्रिम अक्षरांची विरामहीन साखळी केवळ दोन मिनिटे ऐकवली. कोणते अक्षर कोणत्या अक्षरापाठोपाठ वारंवार येते, एवढ्यावरून ती बालके त्या साखळीतले ‘शब्द’ ओळखू लागली. मिस्सेत आईच्या मांडीवर पेंगणारे मूलही रिकामे बसलेले नसते.

वाक्य संपेपर्यंत मन थांबते आणि मग अर्थ लावते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. १९७३ मध्ये विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्याने कानी पडणारा उतारा ऐकता ऐकताच मोठ्याने म्हणावयाचा, असा तो होता. काही श्रोते बोलणाऱ्याच्या मागे अवघे पाव सेकंद होते. पाव सेकंदात एखाद-दुसरेच अक्षर मावते. तेव्हा ही माणसे नुसती पोपटपंची करत असतील, असे वाटणे साहजिक होते. पण त्यांच्या चुका पाहिल्यावर वेगळेच दिसले. त्यांनी चुकून घातलेले शब्द व्याकरणाला आणि अर्थाला धरून होते. पाव सेकंदाच्या अंतरावरूनही ती वाक्य समजून घेत होती आणि पुढचे पाऊल अंदाजाने टाकत होती.

मन हा अंदाज किती आत्मविश्वासाने करते, याचा दुसरा दाखला १९७० चा आहे. रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातील एका शब्दामधला एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द संपूर्ण ऐकू आला. काही गळले आहे असे त्यांना जाणवले नाही. एवढेच काय, खोकला नेमका कोठे आला हेही त्यांना धड सांगता आले नाही. जे कानी पडले नाही ते मनाने पुरवले होते. मंदिरात इतके खोकले, खुर्च्यांची इतकी खरखर आणि लेकरांचे इतके रडणे चालू असताना आपल्याला प्रवचन सलग ऐकू येते, ते याच सोयीमुळे. मात्र ही सोय अंदाजावर चालते. जेथे पुढचा अंदाज बांधता येत नाही तेथे खोकल्याखाली गेलेले अक्षर गेलेच.

अंदाज कशावरून बांधला जातो? १९९९ मध्ये ऑल्टमन आणि कामिदे यांनी श्रोत्यांपुढे एक चित्र ठेवले. चित्रात मुलगा, केक आणि काही खेळणी होती. ‘मुलगा खाईल’ एवढे इंग्रजी क्रियापद कानी पडताच, ‘केक’ हा शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच श्रोत्यांची नजर केककडे वळली. इंग्रजीत क्रियापद लवकर येते, म्हणून हे शक्य झाले. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी असते. मग मराठी श्रोता शेवटपर्यंत अंधारात राहतो काय? मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या जपानी भाषेवर याच संशोधकांनी, हेवुड यांच्यासह, २००३ मध्ये प्रयोग केले. वाढपीण, गिऱ्हाईक आणि खाद्यपदार्थ यांचे चित्र समोर होते. ‘वाढपिणीने गिऱ्हाइकाला’ अशा अर्थाचे विभक्तियुक्त शब्द ऐकताच नजर पदार्थाकडे गेली. क्रियापद अद्याप दूर होते. मराठीतील ‘ने’, ‘ला’, ‘साठी’, ‘कडून’ हे चिमुकले प्रत्ययही हेच काम करतात. ते श्रोत्याच्या हाती दिलेले कंदील आहेत.

आकांक्षा

हे सारे पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून आले म्हणून ते आपल्याला परके ठरत नाही. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्याकडील न्याय व मीमांसा या दर्शनांनी फार पूर्वी सांगितले. एक पद कानी पडले की ते दुसऱ्या पदाची अपेक्षा जागी करते, ती आकांक्षा. दोन पदांचे अर्थ एकमेकांशी जुळावेत, ही योग्यता. आणि ती पदे एकमेकांपासून फार काळ दूर राहू नयेत, हा संनिधी. ‘गाय’ हा शब्द सकाळी उच्चारला आणि ‘आण’ हा संध्याकाळी, तर वाक्य होत नाही. आमच्या मते श्रवणवाङ्मयाच्या समीक्षेला यापेक्षा नेमकी परिभाषा शोधण्याची गरज नाही.

ख्रिस्ती परंपरेतही हा विचार आहे. संत ऑगस्टिन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचे कोडे उलगडताना स्तोत्र म्हणण्याचाच दाखला घेतला. स्तोत्र सुरू करण्यापूर्वी मनाची अपेक्षा संपूर्ण स्तोत्रावर पसरलेली असते. जसजसे ते म्हटले जाते तसतसा एकेक भाग अपेक्षेतून स्मृतीकडे सरकतो. आणि अवधान मात्र वर्तमानात उभे राहून हा प्रवाह पार होऊ देते, असे त्यांनी म्हटले आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेले हे वर्णन आजच्या मानसशास्त्रज्ञालाही मान्य व्हावे. ऑगस्टिन हे बिशप होते आणि आठवड्यामागून आठवडे ते प्रवचन देत असत, हे येथे विसरता कामा नये. कार्थेजच्या देओग्रातियास या उपयाजकासाठी त्यांनी धर्मशिक्षणावर एक पुस्तिका लिहिली. श्रोता उभा राहून थकला, जांभया देऊ लागला, तर त्याला बसावयास आसन द्यावे, असेही त्यांनी तीत सुचवले आहे. ऐकणाऱ्याच्या देहाची इतकी काळजी करणाऱ्या लेखकाने त्याच्या स्मृतीचीही काळजी केली असेल, यात नवल नाही.

स्मृतीची काळजी का करावी लागते? १९६७ मध्ये जॅकलिन सॅक्स यांनी श्रोत्यांना दुर्बिणीच्या शोधाविषयीचा एक उतारा ऐकवला. त्यात गॅलिलिओला पाठवलेल्या पत्राचे एक वाक्य होते. वाक्य ऐकल्याबरोबर विचारले, तर त्यातील शब्दांची किरकोळ उलटापालटही श्रोत्यांना ओळखता येई. परंतु मध्ये सुमारे ऐंशी अक्षरांचा मजकूर ऐकवून मग विचारले, तर शब्दांची मांडणी निसटलेली असे. अर्थ बदलला असेल तर तेवढा लगेच लक्षात येई. ऐंशी अक्षरे म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात मन शब्दांचे टरफल टाकून अर्थाचा दाणा साठवते. पण अर्थच अद्याप बनला नसेल, कर्ता कोण आणि क्रिया कोणती हे ठरलेच नसेल, तर टरफलाबरोबर दाणाही जातो.

वाचणाऱ्याला ही भीती नसते. वाचताना दर शंभरातल्या दहा-पंधरा वेळा आपली नजर मागे वळते, हरवलेला कर्ता शोधते आणि पुन्हा पुढे निघते. कानाला मागे वळता येत नाही. शिवाय ध्वनी अस्पष्ट असेल तर हानी दुहेरी होते. पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये दाखवले, की अंकांच्या यादीचा उत्तरार्ध गोंगाटात ऐकवला तर स्पष्ट ऐकलेला पूर्वार्धही कमी आठवतो. ऐकण्यातच मन खर्ची पडते. साठवण्यास ते उरत नाही. आजींना ‘नीट ऐकू येत नाही’ आणि ‘लक्षात राहत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. पुष्कळदा ती एकच तक्रार असते.

राशोलचा कवी

या कसोट्या घेऊन आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. आपल्या परंपरेच्या प्रारंभीच एक असा ग्रंथ उभा आहे, जो कानासाठी रचला गेला आणि कानाचे नियम जाणून रचला गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे आयुष्य मुख्यत्वे साष्टीत गेले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मंदिरांत आणि घरांत वाचला गेला, गायला गेला. रोमन अक्षर न वाचता येणाऱ्या असंख्य श्रोत्यांसाठी तो केवळ आवाज होता.

आपल्या ग्रंथाच्या भाषेविषयी स्टीफन्स यांनी गद्य प्रस्तावनेत जो खुलासा केला आहे, तो आमच्या मते मराठी श्रवणवाङ्मयाचा पहिला समीक्षालेख होय. परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास मराठी ही योग्य भाषा वाटली, म्हणून ती निवडली. परंतु शुद्ध मराठी सर्वसामान्यांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून येथील ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आणि काव्य सुलभ केले, असा त्याचा आशय आहे. पुष्कळांना फळ मिळावे, हा हेतू त्यांनी स्पष्ट सांगितला आहे. भाषेच्या शुद्धतेपेक्षा श्रोत्याच्या आकलनाला वरचे स्थान देण्याचा हा निर्णय होता, आणि तो अशा माणसाने घेतला, ज्याने याच ग्रंथात मराठीची रत्न, मोगरा, कस्तुरी अशा उपमांनी मुक्तकंठाने स्तुती केली. भाषेवर प्रेम आणि श्रोत्यावर दया, ही दोन्ही एका हृदयात राहू शकतात.

परंतु शब्दांची सुलभता हा या ग्रंथाचा एकच गुण झाला. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती ओवी. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक आणि चौथा चरण आखूड, ही तिची घडण ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली. ही घडण कानाला काय देते, हे पाहावे. पहिला चरण एका ध्वनीवर थांबला, दुसरा त्याच ध्वनीवर थांबला. आता तिसरा कोठे थांबणार हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते. शब्द अनोळखी असला, पुराणिकाचा स्वर खाली गेला, तरी अपेक्षा त्याला हात देते. मग चौथा चरण अपेक्षेहून लवकर संपतो आणि एक रिकामी जागा राहते. त्या जागेत ऐकलेले चार चरण एका अर्थाच्या गाठीत बांधले जातात आणि मन पुढच्या ओवीसाठी मोकळे होते. आकांक्षा यमकाने जागी ठेवली जाते आणि संनिधी आखूडपणाने राखला जातो. अर्धवट अर्थाचे ओझे श्रोत्याला फार काळ वाहावे लागत नाही.

दुसरे वैशिष्ट्य संवादाचे. ग्रंथाच्या प्रारंभी रविवारी मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण श्रोता पुढे येऊन पाद्री गुरूंजवळ पुराणाची मागणी करतो. पुढेही श्रोते प्रश्न विचारतात आणि गुरू उत्तर देतात. प्रश्न म्हणजे मोठ्याने बोललेली आकांक्षाच होय. प्रश्न कानी पडला की उत्तराचा आकार मनात आधीच तयार होतो, आणि उत्तर त्या साच्यात अलगद पडते.

पुनरुक्तीविषयीही असेच म्हणावे लागेल. छापील काव्याचा समीक्षक पुनरुक्तीला दोष मानतो, आणि ‘ख्रिस्तपुराण’ आज पानावर वाचणाऱ्याला ते जागोजागी पाल्हाळाचे वाटते. आम्हांसही ते तसे वाटले आहे. परंतु हे पाल्हाळ ऐकताना मनाला श्वास घेऊ देते. जुन्या करारातील स्तोत्रांची रचना याच तत्त्वावर उभी आहे. एका ओळीत सांगितलेले दुसऱ्या ओळीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा सांगावयाचे, या समांतर रचनेचे विवेचन रॉबर्ट लोथ यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत केले. पहिल्या ओळीत एखादा शब्द निसटला तर दुसरी ओळ तो परत आणून देते. डोळ्याला जे जास्तीचे वाटते ते कानाला नेमके पुरते.

आजची वाक्ये

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी झाली. त्यानंतर मराठीत वाचने आली, प्रार्थना आल्या. हे काम ज्यांनी केले त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. पुढील विधाने त्या ऋणाची जाणीव ठेवूनच केली आहेत.

अडचणीचे मूळ भाषांच्या घडणीतच आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या ते चौदाव्या ओवींपर्यंतचा स्तुतिपर भाग घ्या. मूळ ग्रीकमध्ये ते सुमारे दोनशे शब्दांचे एकच वाक्य आहे. ८ डिसेंबरच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला त्यातील काही भाग आपण दुसरे वाचन म्हणून ऐकतो. ग्रीक वाक्य मुख्य गोष्ट आधी सांगते आणि मग ‘ज्याने’, ‘ज्याच्यामध्ये’ करत एकेक डबा मागे जोडत जाते. ऐकणाऱ्याने प्रत्येक डबा आला तसा उतरवून घ्यावा. मराठीत विशेषण-वाक्यांश नामाच्या आधी येतात. ग्रीक वाक्य जसेच्या तसे मराठीत आणू गेले की सारे डबे इंजिनाच्या पुढे लागतात: ‘आपल्याला निवडलेल्या, आपल्यावर प्रीती केलेल्या, आपल्याला मुक्त केलेल्या…’ कोणी? श्रोता डबे मोजत उभा असतो आणि इंजिन अद्याप फलाटात आलेले नसते. मुळात हे पत्रसाहित्य तोंडून कानाकडे जाणारे होते. रोमकरांस पत्र पौलाने तेर्तियसला सांगितले व त्याने लिहून घेतले, आणि ही पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात. म्हणजे मूळ वाक्य कानाचे होते. निष्ठावंत भाषांतराने ते नकळत डोळ्याचे झाले.

भाषांतर सोडून आपण स्वतः रचतो त्या प्रार्थनांचे काय? एक नमुना आम्हीच तयार केला आहे, कोणा एकाला बोल लागू नये म्हणून. ‘ज्यांनी आपल्या जीवनप्रवासात वेळोवेळी आलेल्या अनेक बिकट प्रसंगांना तोंड देत असताना आपल्या श्रद्धेचा त्याग न करता अखेरच्या श्वासापर्यंत ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहून आम्हांपुढे आदर्श ठेवला, त्या आमच्या धर्मग्रामातील सर्व मृत बंधुभगिनींना चिरशांती मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या.’ व्याकरणात खोट नाही. भाव उदात्त आहे. परंतु प्रार्थना कोणासाठी, हे वीसहून अधिक शब्द उलटल्यावर कळते. त्यातले ‘श्रद्धेचा त्याग’ हे दोन शब्द तेवढेच ठळक ऐकू येऊन, ‘न करता’ खोकल्याखाली गेले, तर अर्थाचा अनर्थ होतो.

हीच प्रार्थना अशी करता येईल: ‘आपल्या मृत बंधुभगिनींसाठी प्रार्थना करू या. त्यांच्यावर संकटे आली, पण त्यांनी श्रद्धा सोडली नाही. शेवटच्या श्वासापर्यंत ते ख्रिस्ताला धरून राहिले. प्रभू, आता तू त्यांना आपल्याजवळ घे.’ शब्द कमी झाले, हा आमचा मुद्दा नाही. कोणासाठी, हे आधी कळले. म्हणून पुढचे प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात एकेका चेहऱ्यावर जाऊन बसले. त्यात कोणाला आपला पिता दिसला असेल, कोणाला बहीण.

यावरून ‘जो-तो’ पद्धतीचे वाक्यच टाकावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते कानाला अत्यंत मानवणारे आहे. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ‘ज्याने’ उच्चारले की ‘त्याने’ची आकांक्षा उठते, बिघडते ते दोहोंमधले अंतर वाढल्यावर. हिंदी वाचकांवर हुसेन, वसिष्ठ आणि श्रीनिवासन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी आहे. कोणते क्रियापद येणार याची वाचकाला पक्की अपेक्षा असेल तर ते लांबले तरी अडथळा होत नाही. अपेक्षा कच्ची असेल तर हा लाभ मिळत नाही, असे त्यांना आढळले. हा प्रयोग वाचनाचा होता, तरी त्यातील धडा श्रवणालाही लागू पडावा. ‘क्षमा’ म्हटले की ‘कर’ येणार, हे मराठी कान जाणतो. तेथे थोडे लांबवले तरी चालते. ‘संदर्भात’, ‘अनुषंगाने’, ‘दृष्टिकोनातून’ अशा शब्दांपाठोपाठ काहीही येऊ शकते. तेथे श्रोता वाऱ्यावर सुटतो.

आपल्या समाजाची आणखी एक अवस्था ध्यानात घ्यावी. वसईपट्टीतील अनेक कुटुंबांत घरची बोली सामवेदी किंवा वाडवळी आहे, आणि मंदिरातील मराठी प्रमाण. ऐकणाऱ्याला पावलोपावली थोडे जास्तीचे श्रम पडतात. उच्चाराच्या बाबतीत मन मोठे लवचिक असते. अनोळखी धाटणीचा उच्चार प्रथम अडखळवतो, पण पहिल्या मिनिटाभरातच कान बराच सरावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा परप्रांतातून आलेल्या धर्मगुरूंच्या उच्चाराविषयी आपण कुरकुर करण्यापूर्वी त्यांना ते मिनिट द्यावे. अवघड वाक्यरचनेला मात्र कितीही मिनिटे दिली तरी कान सरावत नाही, कारण तेथे अडथळा कानात नसून स्मृतीत असतो.

तिसरा वाटसरू

‘म्हणजे सारे सोपे करा, असेच ना?’ असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. पवित्र ग्रंथाची भाषा बाजारातल्या भाषेसारखी असू नये, तिला गांभीर्य हवे, गूढता हवी, असे मानणारे वाचक आमच्यात आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. परंतु गांभीर्य लांबीतून येत नाही. ऐकणाऱ्याची आकांक्षा जागवणे हे रचनेचे पहिले काम असले, तरी ती मुकाट्याने पुरवणे एवढ्यावर थोर रचना थांबत नाही. याचा सर्वोत्तम दाखला येशूने सांगितलेल्या दृष्टान्तांत आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायातील गोष्ट आठवावी. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस रस्त्यात पडला आहे. याजक येतो, पाहतो, निघून जातो. लेवी येतो, पाहतो, निघून जातो. दोनदा तीच चाल, तेच शब्द. आता कोण येणार? यरुशलेमेच्या मंदिराशी परिचित असलेल्या यहुदी श्रोत्याच्या मनात याजक, लेवी यांच्या मागोमाग सामान्य इस्राएली माणूसच उभा राहिला असणार, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. ‘हा आपल्यातला, हा थांबेल,’ अशी त्याची आकांक्षा. आणि नेमक्या त्या जागी शोमरोनी येतो. एका शब्दात श्रोत्याची अपेक्षा मोडते, आणि ती मोडल्याच्या धक्क्यातच दृष्टान्ताचा अर्थ असतो. ऐकणाऱ्याने तिसऱ्या वाटसरूचा अंदाज आधी बांधलाच नसता, तर त्याला आपल्या मनातील भिंत दिसलीही नसती.

आज आपण ही गोष्ट कशी ऐकतो? शीर्षक आधीच शोमरोन्याचे नाव सांगून टाकते, प्रवचनाचे पहिले वाक्य ते पुन्हा सांगते, आणि तिसरा वाटसरू येतो तेव्हा कोणी दचकत नाही. श्रद्धा श्रवणातून येते, असे पौलाने रोमकरांस लिहिले. ते श्रवण म्हणजे आवाज कानावर पडणे एवढेच नसावे. पुढच्या शब्दाकडे झुकलेले मन, हे त्याचे खरे स्वरूप होय. आपल्या लेखकांनी, भाषांतरकारांनी आणि प्रवचनकारांनी त्या झुकलेल्या मनाचा मान राखावा, एवढीच आमची विनंती आहे.

याला उपायही साधा आहे. जे ऐकवावयाचे ते एकदा घरात मोठ्याने वाचावे. ज्याच्या हाती कागद नाही, अशा कोणापुढे तरी वाचावे, आणि वाचून झाल्यावर काय कळले ते विचारावे. ऐकणारी व्यक्ती आजी असेल तर फारच उत्तम. त्या जेथे ‘काय?’ म्हणतील तेथे वाक्य मोडावे. रविवारी मंदिराच्या पायऱ्या उतरताना त्यांनी सुनेला प्रश्न जरूर विचारावा; पण तो पौलाने काय सांगितले याचा नसावा. त्याने सांगितले ते आपण केव्हा करावयाचे, याचा असावा.